घरच्या घरी गोड पफ पेस्ट्री: सारखे येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

दिवाळी झाली की आणि मग पुन्हा डिसेंबरात, हेच प्रश्न मला वेगवेगळ्या बहिणी, जावा, मैत्रिणी विचारत असतात, आणि दरवेळी फोनवर तेच तेच टाइप करून अंगठा दुखतो, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकते. मी काही क्लास वगैरे घेत नाही, नागपुरात राहते, घरात साधा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे आणि फ्रीजमध्ये कायम जागेची मारामारी. म्हणजे तुमच्यासारखंच.

पफ पेस्ट्री म्हणजे नक्की काय? खारीच ना ती?

हो, खारीच. खारी, बेकरीतलं पॅटिस, क्रीम रोल, ती हार्टच्या आकाराची साखर लावलेली बिस्किटं, सगळी एकाच पिठाची भावंडं. मैद्याची पोळी, त्यात बटर, मग घडी घाला, लाटा, पुन्हा घडी, पुन्हा लाटा. बस.

आणि हे काहीतरी परदेशी अवघड प्रकरण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी चिरोटे आठवा. तीन-चार पोळ्यांना तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करायची, कापून हलक्या हाताने लाटायचं. साट्याच्या करंज्या पण तशाच. पदर सुटले पाहिजेत म्हणून आपल्या आज्या जे करत होत्या तेच हे. फरक एवढाच की चिरोटे तेला-तुपात तळले जातात आणि पफ ओव्हनमध्ये फुगतं. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, मळलेल्या पिठातही पाणी असतंच, ओव्हन कडक तापलेला असला की त्या सगळ्या पाण्याची एकदम वाफ होते, ती बाहेर पडायला बघते आणि जाताना एकेक पदर वर उचलते. म्हणून यात बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, यीस्ट पण नाही. कोणी घालायला सांगितलं तर घालू नका.

तयार शीट आणू की घरी करू?

पहिल्यांदा करत असाल तर आणा तयार, लाज कसली त्यात. मोठ्या शहरांत सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये मिळतात. पाकिटाच्या मागे मात्र वाचा, बटर लिहिलंय की मार्जरिन (तेलापासून केलेलं बटरसारखं) की नुसतं वनस्पती तूप. मार्जरिनची शीट छान फुगते पण खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट थर राहतो, मला नाही आवडत. लहान गावात तयार शीट मिळत नसेल तर ओळखीच्या बेकरीवाल्याला विचारून बघा, काही जण खारीचं कच्चं पीठ किलोवर देतात.

घरी करायचं तर प्रमाण काय? सोपी पद्धत सांग, ती तीन दिवसवाली नको.

खरी फ्रेंच पद्धत अशी की बटरची एक चौकोनी वडी पिठात गुंडाळायची आणि तीन पदरी घडी सहा वेळा घालायची, म्हणजे बटरचे ७२९ थर होतात (३ ला ३ ने गुणत जा सहा वेळा, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलंय). गोड खाऊसाठी आपल्याला एवढं काही नको. मी झटपटवाली करते:

मैदा २५० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅमची दोन पाकिटं, लिंबाचा रस एक चमचा, बर्फाचं पाणी साधारण ११० ते १२५ मिली. बटर बिनमिठाचं असेल तर अर्धा छोटा चमचा मीठ.

बटरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. मग मैद्यात टाका आणि फक्त वरखाली करा, चोळू नका, शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसा हात इथे आपोआप चालायला लागतो, तो थांबवायचा. लिंबू घातलेलं थंड पाणी थोडं थोडं शिंपडत गोळा एकत्र दाबून घ्या. तो गोळा अतिशय वाईट दिसेल, मध्ये बटरचे पिवळे ठिपके, कडा फाटलेल्या, असं वाटेल की काहीतरी चुकलं, पण नाही चुकलं, तो असाच दिसतो. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये.

मग ओट्यावर मैदा भुरभुरवून लांबट लाटायचा, साधारण २० बाय ४५ सेंटीमीटर, आणि पत्राच्या घडीसारखी तीन पदरी घडी. पीठ पाव फेरा वळवा, पुन्हा लाटा, पुन्हा घडी. अर्धा तास फ्रीज. परत दोन वेळा लाटून घडी. झाल्या चार घड्या, म्हणजे ८१ थर, घरच्याला पुष्कळ. पहिल्या घडीला सगळं पोळपाटाला चिकटतं आणि रडू येतं, तिसऱ्या घडीला तेच पीठ रेशमासारखं गुळगुळीत होतं, तो क्षण मला अजूनही फार आवडतो. शेवटी एक तास फ्रीजमध्ये आराम, मग वापरा.

उन्हाळ्यात होतं का?

होतं. पण माझी गोष्ट ऐका आधी.

मे महिना, बाहेर ४४, भाचा सुट्टीला आलेला आणि त्याला क्रीम रोल हवे. मी दुपारी तीनला सुरू केलं. आमच्या किचनची खिडकी पश्चिमेला. ओट्याला हात लावला तर ओटाच कोमट. दुसऱ्या घडीला लाटणं फिरवलं आणि बटर बाजूने बाहेर आलं, टूथपेस्टसारखं. मी वर मैदा टाकला, परत आलं, परत मैदा. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, चिरोट्याचा साटा सैल झाला तर आपण लाटतो का? उचल आणि ठेव फ्रीजात." मी ऐकलं नाही, म्हटलं आता एकच घडी राहिलीये. शेवटी जे ओव्हनमधून निघालं ते ना खारी ना नानकटाई, भाच्याने दोन खाल्ले आणि तिसरा हळूच कुत्र्याला टाकला, मी बघितलं.

बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला पूर्ण वितळतं, आणि मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडतं. किचनच ३७ ला असेल तर ते घडीत घट्ट राहणार कसं? ते मैद्यात मुरतं, थर उरतच नाहीत, मग वाफ उचलणार काय. थंड बटर आणि तापलेला ओव्हन, या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकी सगळ्यात थोडंफार इकडेतिकडे चालतं.

आता उन्हाळ्यात मी सकाळी साडेपाचला करते, ऊन वर यायच्या आत. ओट्यावर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्याचं ताट ठेवते, मग कोरडं पुसून लाटते. लाटणं पण फ्रीजमध्ये. प्रत्येक घडीनंतर फ्रीज, दोन घड्यांनंतर नाही. आणि बोटाने दाबल्यावर पीठ लोण्यासारखं दबलं तर तिथेच थांबायचं, कितीही काही राहिलेलं असो. सासूबाई बरोबर होत्या, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कुठलं बटर? घरचं लोणी चालेल? तूप?

पाकिटातलं पिवळं खारट बटर चालतं, मी तेच वापरते, मग मीठ घालत नाही. गोडात तो किंचित खारटपणा चांगला लागतो. बिनमिठाचं मिळालं तर उत्तम. घरच्या लोण्यात पाणी जास्त आणि प्रत्येक वेळी वेगळं, त्यामुळे पीठ चिकट होतं, फारच घट्ट आणि नीट धुतलेलं असेल तरच. तुपात पाणी नसतंच आणि थंड केलं तर रवाळ कडक होतं, लाटताना पोळी टोचून फाडतं, तुपाचं प्रेम चिरोट्यांसाठी ठेवा.

बेकरीची खारी एवढी फुगते, आमची का नाही?

कारण बेकरीत बटर नसतंच बहुतेक वेळा. तिथे खास लॅमिनेशनचं, म्हणजे घड्या घालून थर करायचं, मार्जरिन किंवा वनस्पती असतं जे उशिरा वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही थर टिकतात, शिवाय मोठी भट्टी. घरी २२० डिग्री येता येता नाकी नऊ येतात. पूर्वीच्या डालड्यात ट्रान्स फॅट (हृदयाला वाईट अशी चरबी) भरपूर असायचं, आता २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणजे तेवढी भीती कमी झाली, पण चव बटरचीच. थोडी कमी फुगली तरी चालेल.

मैद्याऐवजी कणीक घेतली तर?

अर्धी-अर्धी घ्या, पूर्ण कणकेची जड होते. कोंड्यामुळे पदर नीट ताणले जात नाहीत, फाटतात. पाणी दोन चमचे जास्त लागेल. चव भाजक्या पोळीसारखी येते, गुळाच्या सारणाबरोबर वाईट नाही. पण "हेल्दी" म्हणून करत असाल तर २०० ग्रॅम बटरकडे एकदा बघा आणि मग ठरवा.

सगळ्यात सोपा गोड प्रकार कुठला? मुलांबरोबर करायचाय.

हार्ट्स. फ्रान्समध्ये याला पामिए म्हणतात, म्हणजे ताडाचं झाड, जर्मन लोक डुकराचे कान म्हणतात, आपल्या बेकऱ्यांत हार्ट्स म्हणून मिळतं, मला आपलंच नाव बरं वाटतं.

शीट लाटताना खाली मैदा नाही, साखर पसरायची. आपली साखर जाड असते, ती मिक्सरमध्ये एकदाच गर्र करून घ्या, पिठीसाखर करू नका, दाणा राहिला पाहिजे. एका शीटला साधारण १०० ग्रॅम. थोडी वेलची किंवा दालचिनी. लाटण्याने साखर हलकी दाबून घ्या, मग दोन्ही बाजूंनी गुंडाळत मध्यापर्यंत आणा, दोन गुंडाळ्या भेटल्या की अर्धा तास फ्रीजमध्ये (मुलं इथे कंटाळतात, तयारीत राहा), मग धारदार सुरीने एक सेंटीमीटरचे काप. काप आडवे ट्रेवर, मध्ये भरपूर जागा सोडून, कारण हे वर नाही, बाजूला फुगतात.

२०० डिग्रीला १२ मिनिटं, मग उलटवून ५-६ मिनिटं. शेवटच्या दोन मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नाही. साखर सोनेरी व्हायला पाच मिनिटं लागतात आणि सोनेरीची काळी व्हायला तीस सेकंद, तेवढ्यात कुरिअरवाला बेल वाजवतो. आणि काढल्यावर लगेच मुलांच्या हातात देऊ नका, वितळलेली साखर फार वाईट भाजते.

क्रीम रोलचे साचे नाहीत माझ्याकडे.

ॲल्युमिनियम फॉइलची जाड सुरळी करा, आतून फॉइलचेच गोळे कोंबा म्हणजे चेपणार नाही, बाहेरून तुपाचा हात. पिठाच्या दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढलेला, शेवटचं टोक खालच्या बाजूला येईल असं ठेवा नाहीतर भाजताना उलगडतं. साचा कोमट असतानाच फिरवून काढायचा. क्रीम मात्र रोल पूर्ण गार झाल्यावर, आणि जेव्हा खायचे तेव्हाच भरा.

आत काय काय भरता येईल?

आता हा माझा आवडता विषय.

नियम एकच, सारण कोरडं आणि गार. आमरस सरळ भरला तर खाली लगदा होतो. रस आटवा, कढईला सुटायला लागेपर्यंत, मग गार करा. किंवा त्याहून सोपं म्हणजे आंबापोळी. कोकणातून आलेली आंबापोळी बोटभर पट्ट्या कापून पफमध्ये गुंडाळायची, ती आत थोडी वितळते आणि चिकट-आंबट होते, काही करावं लागत नाही. फणसपोळी पण चालते, पण घरात फणस न आवडणारे असले तर वासावरून भांडणं होतात.

नागपूरकरांसाठी संत्रा बर्फी. अर्धी वडी मध्ये ठेवून चौकोनाची त्रिकोणी घडी घाला, कडा काट्याने दाबा. हे मी शिळी बर्फी संपवायला केलं होतं, आता ताजी आणून करते.

गुलकंदात बदामाची भरड मिसळा नाहीतर पाक गळतो. पुरण उरलं असेल तर परतून आणखी कोरडं करून भरा, वरून खसखस, छान लागतं पण पुरणपोळीची आठवण काढत खाऊ नका, निराशा होईल. सफरचंदाच्या फोडी साखर-दालचिनी घालून शिजवा, पाणी सुटलं की चमचाभर कॉर्नफ्लोअर. करंजीचं सुक्या खोबऱ्याचं सारण आहे तसं भरा, पूर्णपणे कोरडं असतं, पहिल्यांदा करणाऱ्यांनी यापासूनच सुरुवात करा.

चौकोनाला एक चमचा सारण, दोन नाही. सगळे दोन भरतात आणि मग फुटलं म्हणून मला फोटो पाठवतात.

अंडं लावायचं नाहीये, मग चकाकी कशी येणार?

दुधात थोडी साय फेटून लावा, चिमूटभर साखर घातली तर रंग पण येतो. अंड्याएवढी चकचक नाही येत, चालतं. काहीही लावा, फक्त वरच्या बाजूला. कापलेल्या कडांवर ओघळलं तर पदर एकमेकांना चिकटतात आणि तेवढी बाजू वर येत नाही.

ओव्हन नाही. कुकर किंवा कढईत होईल?

खोटं नाही बोलणार, नीट नाही होत. कढईत मीठ-वाळू तापवून केक होतो कारण त्याला १७०-१८० पुरतं, पफला वरून कडक आच लागते ती तिथे मिळत नाही. एअर फ्रायर असेल तर मात्र झकास, १८० ला १० ते १२ मिनिटं, फक्त जाळीत दाटी करू नका आणि सारणाचे तुकडे छोटे करा. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवर, आधी नीट तापवून. साध्या मायक्रोवेव्हवर अजिबात नाही. यातलं काहीच नसेल तर साट्याच्या करंज्या करा, त्या याहून खुसखुशीत होतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

बटर सगळं ट्रेमध्ये गळलं, पफ तळल्यासारखं झालं.

ओव्हन तापला नव्हता किंवा पीठ गार नव्हतं. बहुतेक दोन्ही. ओटीजी २०० वर लावून निदान १५ मिनिटं थांबा, दिव्यावर विश्वास ठेवू नका. आणि आकार कापून ट्रेवर मांडले की ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीजमध्ये, मग थेट ओव्हनमध्ये. फ्रीजमध्ये ट्रे मावत नाही हे मला माहितीये, माझाही मावत नाही, म्हणून मी जेवणाच्या ताटात मांडून गार करते आणि नंतर उचलून ट्रेवर ठेवते.

वरून लाल झालं पण आत कच्चं.

आच जास्त, वेळ कमी. पहिली १० मिनिटं २१०, मग १८० वर आणखी १० ते १२. मध्ये दार उघडू नका, वाफ जाते आणि फुगलेलं बसतं. उचलून बघा, पिसासारखं हलकं लागलं तर झालं, हाताला जड लागलं तर आत अजून पाणी आहे.

पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सादळतं.

सादळणारच. हार्ट्स पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ३-४ दिवस राहतात, पावसाळ्यात दोन धरा. मऊ पडले तर १५० डिग्रीला ५ मिनिटं, पुन्हा कुरकुरीत. फळांचं सारण भरलेले त्याच दिवशी संपवा. खरा उपाय म्हणजे कच्चे आकार करून फ्रीजरमध्ये ठेवणं, महिनाभर सहज राहतात, लागतील तेवढे काढून थेट ओव्हनमध्ये, वितळवत बसायचं नाही, फक्त ३-४ मिनिटं जास्त द्यायची.

मी अमेरिकेत आहे, इथल्या शीट कशा वापरू?

नशीबवान आहेस. पाकिटातल्या घडीच्या शीट रात्रभर फ्रीजमध्ये सोडवा, म्हणजे बर्फ सुटू द्या, ओट्यावर सोडवल्या तर बाहेरून मऊ आणि आतून बर्फ राहतात आणि घडीवर मोडतात. मोडलीच तर ओल्या बोटाने सांधा जोडून लाटणं फिरव. ऑल बटर लिहिलेली मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घे. दिवाळीला करंजीचं सारण भरून कर, तळणाचा वास अपार्टमेंटभर होत नाही आणि स्मोक अलार्म पण गप्प.

शुगर आहे, खाल्लं तर चालेल?

ते डॉक्टरांना विचारा, मी हिशोब तेवढा देते. २०० ग्रॅम बटरमध्ये मध्यम आकाराचे १२ क्रीम रोल होतात, म्हणजे एका रोलमध्ये १६-१७ ग्रॅम बटर, साधारण एक मोठा चमचा भरून, वर मैदा, वर क्रीमची साखर. आमच्याकडे बाबांना अर्धा हार्ट मिळतो आणि ते दुसरा अर्धा माझं लक्ष नसताना घेतात.

कापून उरलेल्या कडा परत मळू का?

मळू नका, सगळे पदर मोडतील. तुकडे एकावर एक रचा, दाबा, लाटा, ते हार्ट्ससाठी चालतं. अगदी चिंधीसारख्या पट्ट्या उरल्या तर त्यांना पीळ द्या, साखर-वेलचीत घोळवा आणि ट्रेच्या कोपऱ्यात टाका. त्या सगळ्यांच्या आधी भाजून होतात, ओट्यापाशी उभ्या उभ्या चहाबरोबर खायच्या, बाकीच्यांना ट्रे बाहेर आल्यावर सांगायचं.